बरं म्हणून उठलेली आई

“ती ‘बरं’ म्हणाली की, बाई! मग लस न घेता गेली कशी?”

बाई भाकरी खात होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“कोण?”

“राजश्री खराडे. चार महिन्यांची मुलगी. दीड महिन्याची सुई झालीय, पुढच्या दोन्ही राहिल्यात. मी सगळं समजावलं. मोबाईलवर आलेख दाखवला. डांग्या खोकला म्हणजे काय, जंतू कुठं चिकटतो, लस काय करते... सगळं. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, बरं. मी सुई भरायला वळलो, तर बाक रिकामा!”

बाईंनी भाकरीला चटणी लावली.

“ती काय बोलली?”

“बरं म्हणाली.”

“त्याच्या आधी?”

शार्दूल डॉक्टरांनी आठवून बघितलं.

“...काही नाही.”

“मग थांबायचं कशाला तिनं? तुझं संपलं, ती गेली.”

बाई म्हणजे डॉक्टर कुमुदिनी नाईकनवरे. सगळ्या तालुक्यात पाटी नसलेला एकच दवाखाना आहे, तो आमचा. पाटी गंजली तेव्हा उतरवली, परत लावली नाही. गरज लागली नाही. मी इथं ड्रेसिंग करते आणि रांग सांभाळते. रांगेत घुसणाऱ्याला माझं तोंड ठाऊक आहे.

शार्दूल इनामदार बाईंच्या हाताखाली आलेले नवे डॉक्टर. बाईंच्या मागं दवाखाना तेच बघणार. मोठी डिग्री, सुवर्णपदक, हात हलका. हुशारीत खोट काढायला जागा नाही.

पण आमच्याकडं ‘बरं’ म्हणजे होय नव्हे. जावयाला, सरपंचाला, मास्तरला, ज्याच्याशी वाद घालायचा नसतो त्याला माणूस बरं म्हणतं आणि आपल्या वाटेनं जातं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पदकाच्या परीक्षेत ते येत नाही.

“अडाणी माणसं,” शार्दूल डॉक्टर पुटपुटले.

बाईंचा घास हातातच राहिला.

“माझी पेशंट आहे ती.”

मी हातातली पट्टी गुंडाळायची थांबले. बाई आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

“चुकलं, बाई. पण वेळ कुठं आहे? वीटभट्टीवरचं लेकरू डांग्या खोकल्यानं मिरजेला ऑक्सिजनवर आहे. हिची बेदाण्याची शेड भट्टीला लागून. पोरीला घेऊनच कामाला जाते. हिला लागण झाली तर... चार महिन्यांचं पोर खोकता खोकता निळं पडतं, बाई.”

“बघितलंय मी.”

एवढंच म्हणाल्या. मग पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवायला त्यांना वेळ लागला.

“मग तुम्हीच सांगा तिला,” डॉक्टर म्हणाले. “तुमचा शब्द ह्या गावात कुणी मोडत नाही.”

“नाही मोडत.”

ह्यात गर्व नव्हता असं मी लिहिणार नाही. होता. ज्या बाईनं दोन पिढ्या हातावर झेलल्या, तिनं गर्व करायचा नाही तर कुणी करायचा?

“मी सांगितलं तर आज येईल,” बाई म्हणाल्या. “मी मेल्यावर कुणाच्या शब्दावर येईल?”



बाईंनी हात धुतले. आल्या आणि डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला. स्वतःच्या गळ्यात अडकवला.

“शेडवर जा. तिला विचार, पहिल्या सुईनंतर काय झालं होतं.”

“आणि मग?”

“मग गप्प बस.”

“लसीबद्दल काय सांगू?”

“काही नाही.”

“भट्टीवरच्या लेकराबद्दल?”

“तिला तुझ्या आधी कळलंय.”

“मग मी जाऊ कशाला, बाई?”

बाईंनी माझ्याकडं बोट केलं.

“छायाला घेऊन जा. तू तोंड उघडलंस की ती खोकेल.”

*

शेडमध्ये बायका दोन्हीकडनं ओळीनं बसलेल्या. मध्ये बेदाण्याचे ढीग. गंधकाच्या धुरीचा वास नाकाला झोंबत होता. सगळ्यांच्या तोंडाला पदर.

“आलं गं डॉक्टर! पोरं लपवा!”

हशा झाला. शार्दूल डॉक्टर हसले नाहीत. त्यांचे पांढरे बूट बेदाण्याच्या चिकट्यात रुतत होते.

“अवो, बूट काढा की. लोकांच्या खिरीत जायाचं हाय ते.”

त्यांनी बूट काढले. मोज्याला भोक होतं. बायकांनी ते बघितलं, आणि बघितलं हे त्यांना कळेल असं बघितलं.

राजश्री कडेला होती. खांबाला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात पोरगी. राजश्री एका हातानं दोरी ओढायची, दुसऱ्या हातानं काळे दाणे वेचून काढायची. डॉक्टर पुढ्यात उभे राहिले तरी दोन्ही हात थांबले नाहीत.

“राजश्रीताई, पहिल्या सुईनंतर काय झालं होतं?”

“काय व्हायचंय. बरं हाय.”

“ताप आला होता का? कारण ताप येणं म्हणजे शरीर...”

मी खोकले.

डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की नोकरी त्यांच्या हातात असती तर गेली असती. पण ती बाईंच्या हातात आहे.

ते क्रेटवर बसले.

...

पंखा फिरत होता. कुणीतरी मोबाईलवर लावलेलं गाणं बंद केलं. हसणंही थांबलं. डॉक्टर येतो, सांगतो, जातो. डॉक्टर बसतो हे त्या शेडनं कधी बघितलं नव्हतं.

बसून हात रिकामे कसे ठेवायचे ते त्यांना येईना. त्यांनी ढिगातला एक दाणा उचलला आणि काळ्यांत टाकला.

“अवो डॉक्टर! चांगला हाय त्यो!”

“हा? डाग आहे ना ह्याच्यावर.”

“डाग न्हाई, उनाचा रंग हाय. ठेवा तिकडं. तुमच्या हाती शेड दिली तर मालक भीक मागंल.”

डॉक्टरांनी दाणा परत ठेवला. दुसरा उचलला आणि ह्या खेपेला आधी राजश्रीकडं बघितलं. तिनं मान हलवली. तो काळ्यांत टाकला.

असं बराच वेळ चाललं. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. दोनदा मी खोकले. शेजारची म्हातारी मला म्हणाली, “बये, तुलाच डांग्या झालाय काय?”

मग राजश्री बोलली. दाण्यांकडं बघतच.

“तुमी म्हनला हुता, काय होत न्हाई. मुंगी चावल्यागत हुईल.”

डॉक्टरांनी ढिगातला पुढचा दाणा उचलला.

“रात्री अंग तापलं. सकाळपत्तूर पाय दगडागत झाला. हात लावू दिना. छातीला घेतली तर तोंड फिरवी. दुपारी तुमच्याकडं घिऊन आले. दाराला कुलूप. बाई मिरजंला, डोळ्याच्या आपरेशनला. तुमाला फोन लावला. वाजतोय, वाजतोय... म्या कट्ट्यावर बसले पोरीला पदराखाली घिऊन. येनारा-जानारा सांगतोय, डॉक्टर न्हाईत. मला डोळं न्हवतं व्हय?”

शेजारच्या म्हातारीनं वेचायचं थांबवलं.

“मग जावंनं मोबाईल दावला. गावाच्या ग्रुपवर फोटू आला हुता. तुमी तालुक्याला. अंगावर शाल, हातात नारळ. लसी चांगल्या टोचल्या म्हनून सत्कार.”

शार्दूल डॉक्टरांच्या हातात दाणा होता. तो ते बोटांत फिरवत राहिले.

“ताप उतरला दुसऱ्या दिशी. त्याचं काय न्हाई, पोराला ताप येतोच. पन सुई द्यायची म्हनून म्या सासूसंगं भांडले हुते. म्हनलं, शिकलेला डॉक्टर हाय, त्यो सांगतोय काय होत न्हाई. आता सासू रोज इचारती... कुनाच्या जिवावर टोचलंस?”

तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

“सांगा की. कुनाचं नाव सांगू?”

झोळी थांबली होती. पोरगी आत जागी झाली, कुरकुरली. राजश्रीनं दोरी ओढली नाही.

डॉक्टरांनी श्वास घेतला. मी खोकायला तयार झाले.

“ताप येतो हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “सांगितलं तर तुम्ही घाबरून जाल, म्हणून मी सांगितलं नाही.”

मी खोकले नाही.

“आणि फोन मी बघितला होता. कार्यक्रम चालू होता. नंतर करतो म्हटलं. केला नाही.”

शेडमधल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. पदकवाल्या डॉक्टराला हे एकट्यात बोलता आलं असतं. ते तिथंच बोलले. मला त्यांचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. लगेच दिसू दिला की माणसं शेफारतात.

राजश्री बघत राहिली.

मग म्हणाली, “बरं.”

*

“पुन्हा ‘बरं’ म्हणाली, बाई.”

“कसं म्हणाली?”

“कसं म्हणजे? बरं म्हणजे... बरं.”

बाई माझ्याकडं वळल्या. मी खांदे उडवले. खरंच कळलं नव्हतं.

“तुम्ही गप्प बसायला सांगितलं, मी बसलो,” शार्दूल डॉक्टर म्हणाले. आवाज चिरकला होता. “भर शेडमध्ये चूक कबूल केली. आता काय? ती आली नाही आणि त्या पोरीला काही झालं, तर माझी कबुली काय कामाची?”

“काही कामाची नाही.”

“मग?”

बाईंनी पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी डॉक्टर दाराकडं तोंड करून बसले. चप्पल वाजली की मान वर. गुडघेदुखीचा एक आजोबा शेवटी वैतागला. “डॉक्टर, गुडघा हिकडं हाय.”

*

दुसऱ्या दिवशी राजश्री आली. पुढं सासू.

धोंडूबाई खराडे. पायरीवर काठी आपटली, रांग तोडून आत आली. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, “तू गप. मला म्हाईत हाय तुझं तोंड. माझं तुला म्हाईत न्हाई.”

मी वाट दिली. जन्मात पहिल्यांदा.

बाई आपल्या खुर्चीत होत्या. धोंडूबाईनं त्यांना हात जोडले आणि तोंड शार्दूल डॉक्टरांकडं केलं.

“तुमीच न्हवं ते मुंगीवालं?”

“हो, आजी. मीच.”

“आता सांगा. पोरीला काय हुनार न्हाई न्हवं?”

डॉक्टरांचे ओठ हलले. जुनं वाक्य जिभेवर आलं होतं, मला दिसलं. सगळे डॉक्टर तेच म्हणतात. म्हणायला सोपं, ऐकायला गोड. राजश्रीही त्यांच्या तोंडाकडं बघत होती. एक गोड वाक्य, आणि पोरगी टेबलावर आली असती.

त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई केसपेपरवर काहीतरी लिहीत होत्या.

“होईल, आजी.”

धोंडूबाईची काठी थांबली.

“आज रात्री नाहीतर उद्या ताप येईल. टोचलेल्या जागी सूज येईल, पाय दुखेल. चिडचिड करेल, झोपू देणार नाही. बहुतेक लेकरांचं एक-दोन दिवसांत उतरतं. तापाचे थेंब देतो, वजनाप्रमाणं किती द्यायचे ते लिहून देतो. अंगावर पाजत राहायचं, पाय चोळायचा नाही.”

“आनि न्हाई उतरला तर?”

“तर मला बोलवायचं. एकसारखी रडतच राहिली, थांबेचना, किंवा अंग ढिलं पडलं, झटका आला, तर फोनही करायचा नाही, उचलून थेट आणायची. असं क्वचितच होतं. पण होतच नाही असं मी म्हणणार नाही.”

“म्हंजे हमी न्हाई.”

“नाही.”

राजश्रीनं पोरीला घट्ट धरलं. बाहेर बाकावरची माणसं माना लांब करून ऐकत होती. मला वाटलं, झालं. गेली ही.

“आनि न्हाई टोचलं तर?” धोंडूबाई.

“तर रोजच्यासारखी शेडवर जाईल, झोळीत झोपेल. कदाचित काही होणार नाही. पण खोकला लागला, तर ह्या वयात श्वास अडतो. तेव्हा माझ्या हातात थेंबही नसतील आणि सुईही नसेल. मिरजेला धाडण्याशिवाय मी काही करू शकणार नाही.”

“तुमची लेक असती तर?”

“माझं अजून लग्नच झालं नाही, आजी.”

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. धोंडूबाईनं मागं न बघता काठी उगारली. हसू बंद.

“असती तर म्हनते.”

“आजच टोचली असती. आत्ता. आणि रात्रभर जागलो असतो.”

...

धोंडूबाईनं डॉक्टरांना पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं. बैल बाजारात बघतात तसं. मग सुनेच्या हातातनं पोरगी घेतली आणि खुर्चीत बसली. पोरीचा पाय उघडा केला. तिचे दोन्ही हात आपल्या एका मुठीत धरले.

“जागायचं तर मलाच हाय. हिला सकाळी शेडवर जायचं असतंय. टोचा.”

पोरगी अशी किंचाळली की चौकातलं कुत्रं भुंकलं. राजश्री भिंतीकडं तोंड करून उभी होती. सुई निघाली. धोंडूबाईनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि डॉक्टरांना म्हणाली, “हात हलका हाय. ते तेवढं कबूल.”

जाताना राजश्री दारात थांबली. डॉक्टरांकडं बघितलं. पदर सारखा केला आणि सासूच्या मागं गेली. मान मात्र ताठ होती. सासूच्या मागं अशी ताठ मान मी त्या घरात आलेल्या कुठल्याच सुनेची बघितली नव्हती.

*

दवाखाना आवरला. दिवस कलला होता. शार्दूल डॉक्टरांचा चेहरा असा फुलला होता की शाल-नारळ त्याच्यापुढं काहीच नाही.

“बाई, जमलं! तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि जमलं!”

“हं.”

“आलेख नाही, आकडे नाहीत, धाक नाही. आधी विचारायचं. ऐकायचं. मग खरं आहे ते सांगायचं, आणि आपलं मत आडपडदा न ठेवता द्यायचं. इतकी वर्षं शिकलो, हे कुणी एका ओळीत सांगितलं नाही! आता कळलं मला, पेशंटशी बोलायचं कसं.”

“कळलं?”

“पक्कं!”

“छान,” बाई म्हणाल्या. मनापासनं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मी तो गर्व बघितला, जो त्या फक्त पोराला पहिला टाहो फुटताना दाखवतात. आणि मलाही वाटलं, आता हा दवाखाना पाटीशिवाय चालेल. बाईंच्या नंतरही.

डॉक्टरांनी हेल्मेट उचललं.

“येतो मग. सांगलीला मित्र वाट बघतायत. आज त्यांना हे सांगायलाच पाहिजे. लस कशी द्यायची ते!”

बाई उठल्या. कपाटातनं चादर काढली, उशी काढली. तपासायच्या टेबलावर अंथरूण घातलं. चादरीच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. मग दाराचं कुलूप उचलून खणात टाकलं.

“हे कुणाला, बाई?”

“तुला.”

“मला? का? लस तर दिली की आत्ता!”

बाईंनी त्यांच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

“ती सुई होती, शार्दूल. लस अजून द्यायचीय.”